सुधारणा सुचवा

पार्सलवाला त्या शनिवारी फोन न करता थेट दारात आला. गेली दोन वर्षं हा माणूस, किंवा याच्यासारखाच दुसरा कुणी, गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहायचा आणि वैतागून फोन करायचा, "मावशी, घर सापडत नाहीये तुमचं." मग तिने चपला सरकवून खाली उतरायचं, लांबून हात हलवायचा, त्याने घाम पुसत उलटं यायचं आणि सही घेताना एकदा तरी कपाळाला आठ्या घालायच्या, हे सगळं इतकं ठरून गेलं होतं की आज बेल वाजली तेव्हा तिला वाटलं, शेजारीण असेल. दार उघडलं तर हा, गठ्ठा काखेत मारून, चक्क हसतोय.

"आज फोन नाही केलात?"

"कशाला करायचा? आता फोनवर पत्ता बरोब्बर दाखवतोय की. आधी चौऱ्याऐंशी दाखवायचा, आता अठ्ठेचाळीस आलंय. कुणीतरी सुधारलाय."

"मीच सुधारला," ती म्हणाली. आवाजात थोडा तोरा होता, तो तिलाही ऐकू आला.

"झकास केलंत. आता कुणालाही सापडेल," असं म्हणून तो दोन-दोन पायऱ्या टाकत उतरून गेला.

दार लावून ती टेबलाशी बसली. गठ्ठ्यात बागकामावरच्या एका पुस्तकाची दुसरी प्रुफं होती. पहिल्याच पानावर 'खुरपणी'चं 'खुरपनी' झालं होतं, ते तिने सुधारलं. पुढच्या पानावर एक पूर्णविराम पळाला होता, त्याला धरून जागेवर बसवला. तिसऱ्या पानावर तिच्या लक्षात आलं की डोळे ओळीवरून सरकताहेत पण ओळीतलं काहीच आत येत नाहीये, आत पार्सलवाल्याचं वाक्य बसलंय. आता कुणालाही सापडेल. 'कुणालाही' हा शब्द तिने सवयीने तपासला. शुद्ध होता. मग हातातलं लाल पेन तिने टोपण न लावताच खाली ठेवलं. टेबलावर ठिपका पडला तरी तिने तो पुसला नाही, आणि ज्यांनी तिला छापखान्यात पाहिलं होतं त्यांना एवढ्यावरूनच कळलं असतं की काहीतरी भलतं झालंय.

तेहतीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या चुका काढल्या होत्या आणि त्याचाच पगार घेतला होता. छापखान्यात तिला सगळे वेलांटीबाई म्हणायचे, आधी पाठीमागे, नंतर तोंडावर. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, बसची तिकिटं, काही तिच्या नजरेतून सुटायचं नाही. वडील गेले त्याची बातमी वर्तमानपत्रात आली, तेव्हा घरभर रडारड चाललेली असताना हिने डोळे पुसत पुसत 'दुःखद'मधला विसर्ग राहून गेल्याचं दाखवलं होतं. आत्या म्हणाली होती, "या पोरीच्या डोळ्यांत पाणी आहे की शाई?" सगळे त्या दुःखातही हसले, तीही हसली. पण नंतर पुष्कळ दिवस तिला प्रश्न पडायचा की आपण खरंच रडत होतो का. रडत होती ती. फक्त चूक दिसली की तिचा हात आधी जायचा आणि मन मागाहून पोचायचं. मंगळवारीही तेच झालं. पत्ते दाखवणाऱ्या एका संकेतस्थळावर तिला स्वतःचं नाव दिसलं, खाली गल्लीचं नाव, आणि घर क्रमांक चौऱ्याऐंशी. आकड्यांची अदलाबदल, अगदी छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्या शिकाऊ पोराची चूक. बाजूला एक छोटं बटण होतं, 'सुधारणा सुचवा'. एवढ्या प्रेमाने तिला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. तिने आकडा दुरुस्त केला, विजेच्या बिलाची प्रत जोडा म्हणाले तर तीही जोडली, आणि संकेतस्थळाने आभार मानले तेव्हा तिला दिवसभर बरं वाटत राहिलं.

बरं वाटलं याचीच आता तिला लाज वाटत होती. कारण ती त्या संकेतस्थळावर गेली होती ती काही आकडे सुधारायला नव्हे, धाकटीच्या खुणा पुसायला. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी धाकटी बहीण एका पिशवीनिशी याच दारात आली, उजवा हात प्लास्टरमध्ये. मनगट नवऱ्याने मोडलं होतं. "नशीब डावखुरी आहे मी, सुई धरता येईल," एवढंच ती पहिल्या दिवशी बोलली. धाकटी रफू करायची, लोकांच्या फाटलेल्या महागड्या कपड्यांवर असं काम करायची की भोक कुठे होतं ते मालकालाही सापडू नये. पुढे कोर्टाने नवऱ्याला लांब राहा म्हणून बजावलं, त्याचा कागदही मिळाला. पण कोर्ट काही दारात उभं राहत नाही, आणि तो शोधत होता हे ज्याच्या त्याच्याकडून कळत होतं. तेव्हा ग्रंथालयातल्या बाईंनी दोघींना बसवून शिकवलं. "आधी स्वतःला शोधायला शिका," त्या म्हणाल्या. "तो जे टाइप करेल, ते त्याच्या आधी तुम्ही टाइप करा." तेव्हापासून ते काम हिने अंगावर घेतलं होतं. एरवी शनिवारी, अन् काम अंगावर असेल तर मध्येच कधीतरी, ती धाकटीला शोधायची. माहेरचं नाव, सासरचं नाव, अवतरणचिन्हांत, अवतरणचिन्हांशिवाय, आडनावात पहिली वेलांटी, मग दुसरी, फोन नंबर सलग, मग तोडून तोडून, जुन्या इमारतीचं नाव, मग फोटो. काय काय निघायचं! शाळेच्या माजी विद्यार्थिनींची यादी, कधीतरी कुठेतरी भरलेला नोकरीचा अर्ज, एका रक्तदान शिबिराच्या कागदावर नाव, वय, रक्तगट आणि फोन एका ओळीत. जगाने धाकटीला किती ठिकाणी लिहून ठेवलं होतं, आणि तिला ते ठाऊकही नव्हतं. हिने प्रत्येकाला पत्र लिहिलं, आठवण करून दिली, पुन्हा लिहिलं, आणि एकेक जागा रिकामी झाली की वहीत त्या ओळीवर लाल रेघ मारली. नाव नव्याने कुठे दिसलं तर लगेच कळावं अशी सोयही करून ठेवली होती. आपण बहिणीसाठी काहीतरी करतोय असं तिला त्या रेघा बघून वाटायचं.

वहीत एकच नाव नव्हतं, तिचं स्वतःचं. मला कोण शोधतंय, असं ती म्हणायची. आणि आता टेबलापाशी बसून तिला ते इतकं सोपं दिसत होतं की शाळेतल्या मुलीलाही दिसावं. मेहुण्याने धाकटीला कशाला शोधायचं? धाकटी जाऊन जाऊन जाणार कुठे? त्याने ताईला शोधायचं. छापखाना सुटल्यावर ती या गावात आली ते त्याला माहीत होतं, घर तेवढं माहीत नव्हतं. तिचं नाव हाच धाकटीचा पत्ता होता, आणि तो तिने आपल्या हाताने, बिलाची प्रत जोडून, शुद्ध करून दिला होता. ती उठली, संगणक उघडला, तेच पान काढलं, आकडा पुन्हा उलटा करायला गेली. 'ही माहिती नुकतीच पडताळण्यात आली आहे. पुढील नव्वद दिवस बदल करता येणार नाही.' आयुष्यात पहिल्यांदा ती चूक छापायला निघाली होती आणि तिला कुणी छापू देत नव्हतं. तिने नकाशावर पाहिलं, तिथेही अठ्ठेचाळीस. आणखी एका ठिकाणी पाहिलं, तिथेही. चार दिवसांत सगळ्यांनी एकमेकांची कॉपी केली होती.

मग तिला आठवू नये ते आठवलं. लग्नाच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी धाकटीचा निरोप आला होता, बरेच दिवस काहीच न कळवल्यानंतर. एकच ओळ. 'ताई मी ठिक आहे.' कुणी विचारलं नसताना. हिच्यापुढे तेव्हा एका शब्दकोशाची प्रुफं होती, मुदत डोक्यावर होती, आणि हिने लगेच उत्तर पाठवलं होतं, 'ठीक. दुसरी वेलांटी.' पुढे एक हसरा चेहराही टाकला होता. धाकटी लहानपणापासून तिला पत्र लिहायची तर ही त्यात लाल दुरुस्त्या करून परत पाठवायची, ती दोघींची गंमतच होती. त्या दिवशीही गंमतच वाटली. धाकटीने उलट काही लिहिलं नाही. नंतर कळलं ते असं की त्या आठवड्यात तो बाहेरून कुलूप लावून कामाला जायचा. ती वेलांटी वाचून धाकटी त्या बंद खोलीत किती वेळ फोन हातात धरून बसली असेल, हे हिने दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. विचारायला तोंडच नव्हतं.

एक वाजता धाकटी, रफूचं काम करायची त्या दुकानातून आली. पाय धुतले, पाणी प्यायली, मग बहिणीकडे पाहिलं.

"ताई, तोंड का उतरलंय? प्रुफं सोडून बसलीस?"

"मी पत्ता सुधारला."

"कुठला?"

"आपला. माझ्या नावापुढचा. चौऱ्याऐंशी होता, चुकून पडलेला. मी अठ्ठेचाळीस केला. मंगळवारी." आणि मग घाईघाईने, "तुझं नाव नाही हं कुठे. नुसतं माझं. मला सुचलंच नाही गं. चूक दिसली आणि—"

धाकटीने भांडं हळूच खाली ठेवलं. "चुकून पडलेला नव्हता," ती म्हणाली. "मी घातला होता."

खोलीत पंखा फिरत होता आणि बागकामाची पानं कडेला फडफडत होती. त्यांच्यावर कुणी काही ठेवलं नाही. धाकटी सांगत होती, अगदी साध्या आवाजात, की आल्या-आल्या तिसऱ्या दिवशीच तिने ताईचं नाव शोधलं होतं, त्याच बटणावर जाऊन आकडा उलटा केला होता, तेव्हा बिलंबिलं कुणी मागत नव्हतं. चौऱ्याऐंशीत घड्याळजी राहतात, घरीच घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारे, त्यांना आधी विचारून घेतलं होतं. "ते म्हणाले, येऊ दे की. मी बहिरा आहे, तासभर दारात उभा ठेवीन आणि शेवटी घड्याळाचा पट्टा विकीन."

"आला होता?" ताईने विचारलं.

"दोनदा. एकदा गेल्या उन्हाळ्यात, एकदा आता महिन्यापूर्वी. घड्याळजींनी सांगितलं, इथे अशी कुणी नाही. गेला."

"महिन्यापूर्वी! आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुला राहवलं असतं? चुकीचा आकडा आहे हे माहीत असून?" धाकटी हसली, पण ते हसू ओठांवरच राहिलं. "मला वाटलं, तू स्वतःला शोधणार नाहीस. कधी शोधलंच नव्हतंस."

माफी मागायची तिला सवय नव्हती. चूक दुसऱ्यांची असायची. तिने फक्त धाकटीचं मनगट धरलं, उजवं, जे नीट जुळलं होतं पण थंडीत अजून दुखायचं. धाकटीने ते सोडवून घेतलं नाही. मग ती म्हणाली, "मला निघायला हवं. आजच." आणि आत जाऊन कपाट उघडलं. आवाजावरून कळत होतं की हे तिचं मनात पुष्कळदा करून झालेलं आहे, कुठलं वरती, कुठलं खाली, सुयांची डबी कुठल्या कोपऱ्यात. ही दारात उभी राहून घड्या घालून देऊ लागली, आणि दर घडीला कडा जुळवत होती, आणि कडा जुळवायला आपल्याला आत्ताही सुचतं याचा तिला राग येत होता.

"कुठे जाणार?"

"ते नाही सांगणार."

"मला?"

"तुलाच," धाकटी म्हणाली. "तुला कुणी विचारलं की तू बरोबर सांगतेस, ताई. तुझ्या हातून चुकीचं होतच नाही."

"माझ्यावर रागावली आहेस."

"रागावले असते तर पत्ता देऊन गेले असते. मग बसली असतीस सांभाळत." तिने पिशवीची चेन ओढली, ताईच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, मोठी बहीण लहान बहिणीच्या फिरवते तसा, आणि चारच्या आत गेली. ही गॅलरीत जाऊन धाकटी कुठल्या बाजूला वळते ते पाहणार होती, पण ती स्वयंपाकघरातच थांबली, नळ सोडून.

नवव्या दिवशी तो आला. दुपारची वेळ, हातात सफरचंदांची पिशवी, शर्ट इस्त्रीचा. बेल एकदाच वाजवली. दार तिनेच उघडलं, कारण उघडायला दुसरं कुणी नव्हतं.

"ताई, आत येऊ?"

"नको."

"बरं. ती आहे?"

"नाही."

"होती?"

"होती."

"आता कुठे आहे?"

"माहीत नाही."

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ. आठ वर्षं तो या घरचा जावई होता, वेलांटीबाईंच्या गोष्टी त्यालाही पाठ होत्या, भर पंगतीत त्यानेच एकदा म्हटलं होतं की ताईंना खोटं बोलायला लावायचं तर आधी भाषा बदलावी लागेल. त्याने पाहिलं आणि त्याला पटलं. खांदे खाली आले. पिशवी उंबऱ्याशी ठेवून तो गेला, आणि ती दार लावून तिथेच जमिनीवर बसली. धाकटीने आपल्याला शिक्षा केली असं ती आठ दिवस समजत होती. आता तिला कळलं की त्या पोरीने जाता जाता तिच्याजवळ एकच शस्त्र ठेवलं होतं, तिला पेलेल असं. 'माहीत नाही' हे खरं होतं, म्हणून ते चाललं. ती मोठ्याने रडली, आणि या वेळी आधी मनच पोचलं.

त्यानंतरचे शनिवार तिने सोडले नाहीत. आता यादीत तिचं स्वतःचं नावही होतं. धाकटीचं नाव सगळ्या वेलांट्यांनिशी टाकायची आणि काहीच यायचं नाही. काही न येणं म्हणजे ती सुखरूप आहे, असं वाचायला तिने स्वतःला शिकवलं. कोरं पान आलं की ती त्याच्याकडे बघत बसायची, पत्र आल्यासारखी. पण महिने गेले तसं तेवढ्यावर भागेना. एका शनिवारी तिने नावाऐवजी नुसतं 'रफू' टाकलं. मग रफूची दुकानं. मग गावागावांतली, फोटोंसकट. राखण करतोय, तो काय शोधेल ते पाहतोय, असं ती स्वतःला सांगत होती, आणि ते खोटं आहे हे तिला माहीत होतं. तिला धाकटी बघायची होती. पाचव्या महिन्यात ती दिसली. कुठल्याशा कपड्यांच्या दुकानाचा फोटो, पुढे मालक हसत उभा, मागे खिडकीशी एक बाई खाली वाकलेली, केस कापलेले, चेहरा निम्मा. सुई डाव्या हातात. मानेला तोच बाक. दोऱ्याचं टोक दातांत.

आनंद एवढा झाला की तिने पडद्यावर बोट टेकवलं. आणि बोट तिथे असतानाच दुसरा विचार आला, की डावा हात त्यालाही माहीत आहे. मानेचा बाक त्यालाही माहीत आहे. मला सापडली तर त्यालाही सापडेल, आणि मी जे आज केलं तेच तो रोज करत असेल. फोटोच्या खाली दोन ओळी होत्या, दुकानाचं नाव आणि पत्ता असणार. त्या वाचायच्या आत तिने टेबलावरची जाड कागदाची पट्टी उचलली, प्रुफं वाचताना ओळीखाली धरायची ती, आणि त्या दोन ओळींवर दाबून धरली. छापलेली ओळ समोर असून न वाचणं तिला जन्मात जमलं नव्हतं. चिकटपट्टीने तिने ती पक्की केली, आणि फोटो काढून टाकण्याचा अर्ज उघडला.

अर्जात विचारलं होतं, छायाचित्रातील व्यक्तीशी आपलं नातं काय. दोनच पर्याय होते, 'मी स्वतः' आणि 'कायदेशीर प्रतिनिधी'. बहीण असा पर्याय नव्हता. खाली लिहिलं होतं, खोटी माहिती देणं गुन्हा आहे. तिने 'मी स्वतः'वर खूण केली. हात अडला नाही. मग कारणाच्या चौकटीत लिहायला लागली, 'मी नवऱ्यापासून लपून राहते. त्याने माझं मनगट मोडलं. तो मला बाहेरून कुलूप लावून जायचा. मी माझ्या बहिणीला कळवायचा प्रयत्न केला होता, पण तिच्या लक्षात आलं नाही. हा फोटो त्याला दिसला तर तो येईल.' लिहिता लिहिता तिच्या मनगटात कळ आली. शेवटी नाव विचारलं, तिने धाकटीचं लिहिलं, पाठवलं, आणि एकदाही मागे जाऊन वाचून पाहिलं नाही.

उत्तर आलं की तीन दिवस लागतील. हे तीन दिवस तिला कुणाकडे मागूनही मिळाले नसते. सकाळी उठून ती पान उघडायची, चहाचा कप हातात घेऊन फोटोसमोर बसायची. धाकटी अंगाने थोडी भरली होती. अंगात एक निळा स्वेटर होता, हिने न पाहिलेला, कोपराला बारीक रफू केलेला असावा असं वाटायचं, पण तसं काम तिचं असेल तर ते दिसणारच नाही. खिडकीतून ऊन येत होतं. जेवत असेल वेळेवर. कुणीतरी तिला नावाने हाक मारत असेल, कुठल्या नावाने कोण जाणे. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने पुन्हा पान उघडलं, तर फोटोच्या जागी राखाडी चौकोन होता. खाली पट्टी तशीच चिकटलेली होती आणि तिच्यामागे तो पत्ता, अजूनही, कुणालाही वाचता येईल असा. आता बाई नव्हती, नुसतं दुकान होतं, जगातल्या हजार दुकानांतलं एक. तिचा अंगठा पट्टीच्या कडेवर गेला, तिथे थोडा वेळ राहिला. मग पट्टी न उचलता तिने पान बंद केलं.